पॉलीकार्बोनेटच्या स्कायलाइटवर सन-फिल्म: कोणी लावली आहे का? (नागपूर)

उंबरठा
१४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

त्रिमूर्तीनगरात आमचं सहा वर्षांपूर्वी बांधलेलं घर आहे. जिन्याच्या मधोमध आर्किटेक्टने आठ बाय दहा फुटांचा ओटीएस ठेवला होता, म्हणजे वर थेट आकाश. पहिल्याच पावसाळ्यात जिन्यावरून धबधबा वाहिला, तेव्हा फॅब्रिकेटरकडून लोखंडी फ्रेम करून त्यावर ४ मिमीची सपाट, पारदर्शक पॉलीकार्बोनेट शीट बसवून घेतली. पावसाचा प्रश्न मिटला. दिवसा दिवे लावणंही बंद झालं. राहिलं ऊन.

मार्चच्या मध्यापासून दुपारी बारा ते तीन जिन्याच्या स्टीलच्या रेलिंगला हात लावता येत नाही. लँडिंगला ग्रॅनाइट आहे, त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. मनीप्लांट दोनदा करपला. आई म्हणाली, आता कुरोड्या वाळवायला गच्चीवर जायची गरज नाही. मला वाटलं गंमत करतेय. दुसऱ्या दिवशी खरंच जिन्यात चादर अंथरलेली.

मागच्या वर्षी गाड्यांना फिल्म लावणाऱ्या एकाला घरी बोलावलं. त्याने शीटला आतून गडद फिल्म लावून दिली. संध्याकाळी काम झालं तेव्हा आरशासारखं गुळगुळीत दिसत होतं. आठवड्याभरात बारीक फुगे आले, आणि तीन आठवड्यांत अख्ख्या शीटला मटकीला मोड यावेत तसे बुडबुडे. त्याला फोन केला तर म्हणाला, "हवा राहिली असेल, सुईने टोचून दाबा." टोचले. दुसऱ्या दिवशी शेजारी नवे.

आता दुसरा एकजण 'सिरॅमिक नॅनो' फिल्म बाहेरून लावून देतो म्हणतोय. त्याने दिव्यासमोर नमुना धरून दाखवला, हाताला खरोखर काही लागत नव्हतं. पण दूध पोळलंय म्हणून विचारतोय. पॉलीकार्बोनेटवर फिल्म टिकते का? टिकत असेल तर कोणती? आणि नसेल तर दुसरं काय करू?

---

तर्रीपोहे
१४ एप्रिल, रात्री १०:१२

भाऊ, नवतपा (मेअखेरचे ते नऊ कडक दिवस) लागायच्या आधी काही तरी करून घे बाप्पा. नाही तर काकूंच्या कुरोड्या वाळतील आणि तू पण.

---

काच_आणि_स्क्वीजी
१४ एप्रिल, रात्री ११:३५

मी चौदा वर्षं फिल्म लावायचं काम करतो, आधी गाड्यांना आणि आता इमारतींना. तुमच्याकडे जे झालं ते मी स्वतःच्या हातानेही करून बसलो आहे, म्हणून लिहितो.

तुमचे फुगे हवेचे नव्हतेच. काच दगडासारखी बंद असते. पॉलीकार्बोनेट तसं नाही. ते हवेतला ओलावा थोडा थोडा पीत राहतं. प्रमाण अगदी नगण्य आहे, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण शीट तापली की हाच ओलावा वाफ होऊन पृष्ठभागातून बाहेर यायला बघतो. एरवी तो हवेत निघून जातो, कोणाला कळतही नाही. तुम्ही वरून फिल्म चिकटवून दार बंद केलंत, की तो गोंद आणि शीटच्या मध्ये साचतो. आम्ही याला 'शीटने गॅस सोडला' म्हणतो. सुईने टोचून उपयोग नाही, कारण झरा खालून चालूच असतो.

दुसरी अडचण प्रसरणाची. साधी फिल्म पॉलिस्टरची असते. उन्हात पॉलीकार्बोनेट काचेच्या सातपट आणि पॉलिस्टर फिल्मच्या तिपटीहून जास्त वाढतं. तुमची दहा फुटी शीट जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत लांबीला साधारण ११-१२ मिमी वाढते. तिच्यावरची पॉलिस्टर फिल्म मोकळी असती तर तीन-चार मिमी वाढली असती. रोज सकाळी शीट ओढते, रोज रात्री सोडते. मधला गोंद किती दिवस सहन करणार? कडेने सुटतो, नाही तर फिल्मला सुरकुत्या पडतात. त्यात गडद फिल्म, म्हणजे उष्णता स्वतःच शोषणारी. तिने शीट आणखी तापवली, म्हणजे गॅसही वाढला आणि ओढाताणही वाढली.

गाडीच्या काचेच्या फिल्मवाल्याला हे माहीत असायचं कारण नाही. त्याच्या हाती आयुष्यभर काचच येते.

पॉलीकार्बोनेट आणि अॅक्रिलिकसाठी वेगळ्या फिल्म मिळतात. त्यांचा गोंद वेगळा असतो, थोडा ताण आणि थोडा गॅस सोसणारा. त्या बाहेरूनच लावायच्या. पण कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी आधी तुमच्या शीटवर तुकडा लावून बघा. वीतभर चौकोनी तुकडा, भर उन्हाच्या जागी, किमान दोन आठवडे. घाई असेल तर तुकड्यावर हेअर ड्रायरने गरम हवा मारा आणि दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात बघा. राईएवढे जरी फुगे दिसले तरी त्या शीटवर ती फिल्म नको. तुकडा लावून बघायला जो माणूस नाही म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

---

उंबरठा
१५ एप्रिल, सकाळी ८:०५

काका, इतकं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिव्याच्या प्रयोगाबद्दल काय म्हणता? तिथे तर फरक स्पष्ट जाणवला होता.

---

काच_आणि_स्क्वीजी
१५ एप्रिल, दुपारी १:४०

तो प्रयोग आम्ही सगळेच दाखवतो, मीही दाखवतो. लाल दिवा असतो तो, त्यातून बाहेर पडतं ते जवळजवळ सगळं इन्फ्रारेड (आयआर), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण. सिरॅमिक फिल्म नेमकं तेच अडवते, म्हणून हाताला काही लागत नाही. सूर्य म्हणजे तो दिवा नव्हे. उन्हातली साधारण निम्मी उष्णता इन्फ्रारेडची, उरलेली बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशाची, आणि अतिनील किरणांचा वाटा अगदी थोडा. पारदर्शक दिसणारी फिल्म दिसणारा प्रकाश आत सोडते, म्हणजे त्याच्यासोबत त्याची उष्णताही सोडते.

पत्रकावर 'आयआर ९५%' असा मोठा आकडा असेल. त्याच्याखाली बारीक अक्षरात एकूण सौर ऊर्जा किती अडते ते लिहिलेलं असतं, टीएसईआर म्हणतात त्याला. तोच आकडा वाचा. तो मोठ्या आकड्यापेक्षा बराच खाली असतो.

---

बुटीबोरी_शेड
१५ एप्रिल, रात्री ८:२०

फिल्मच्या आधी एक विचारू? तुमच्या शीटची यूव्हीची (अतिनील किरण रोखणारी) बाजू वर आहे का खाली?

हसू नका, आमच्या शेडवर हा घोळ झालेला आहे. पॉलीकार्बोनेट ऊन्हात उघडं ठेवलं की पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं. म्हणून कारखान्यातच त्याच्या एका बाजूला यूव्ही रोखणारा थर देतात, केसापेक्षाही पातळ. बाकी सगळी शीट त्या थराच्या भरवशावर जगते. बऱ्याच शीटला तो एकाच बाजूला असतो. शीट येते तेव्हा दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, आणि ज्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं असतं किंवा 'ही बाजू उन्हाकडे' अशी सूचना असते ती वर यायला पाहिजे. आमच्या पोरांनी काय केलं, शीट हातात घेण्याआधीच दोन्हीकडचं प्लास्टिक सोलून टाकलं, चकचकीत दिसते म्हणून. मग कोणती बाजू कुठली कोणालाच माहीत नाही. अर्ध्या शीट उलट्या बसल्या. तिसऱ्या वर्षी गोडाऊनचं छत बुद्धिबळाच्या पटासारखं दिसत होतं, एक पांढरी, एक पिवळी.

याच्या उलट चूकही होते. वरचं प्लास्टिक 'राहू दे, संरक्षण होते' म्हणून तसंच ठेवतात. ते संरक्षण फक्त वाहतुकीतल्या ओरखड्यांपासून असतं. महिनाभर आपलं ऊन लागलं की ते शीटला असं भाजून बसतं की नखाने एकेक चकती काढावी लागते. एक दुपार मी ते केलं आहे. शीट बसली की त्याच दिवशी काढायचं.

काही कंपन्यांचा यूव्हीचा थर नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखाली वेगळा चमकतो. रात्री कडेवर टॉर्च मारून बघा. आणि शीट आधीच पिवळी पडली असेल तर फिल्मवर पैसे घालू नका. पिवळेपणा फिल्मने मागे जात नाही, आणि वरचा थर भुसभुशीत झालेला असेल तर गोंद भुशालाच चिकटतो.

---

तर्रीपोहे
१५ एप्रिल, रात्री ८:४१

म्हणजे आमच्या पार्किंगची 'फायबर'ची शीट काऊन पिवळी झाली ते आत्ता कळून राहिलं. चार वर्षं घरमालकाला दोष देऊन राहिलो होतो.

---

बुटीबोरी_शेड
१५ एप्रिल, रात्री ८:५५

खऱ्या फायबरची, म्हणजे काचतंतूची असेल तर तिची गोष्ट वेगळी. हात लावून बघ, खाजवलं आणि बारीक कुसळं टोचली तर फायबर. घरमालकाला इतक्यात सोडू नको.

---

वाड्यातली_सून
१६ एप्रिल, दुपारी ३:१५

आमचा महालमधला जुना वाडा. मधला चौक उघडा होता, वानरं थेट स्वयंपाकघरात यायची. एकदा पोळ्यांचा डबा उचलून नेला, झाकण तेवढं तुळशीपाशी परत मिळालं. म्हणून चौकावर पॉलीकार्बोनेट टाकलं, वीस बाय सोळा.

माझे सासरे सांगायचे, पूर्वी उन्हाळ्यात चौकावर बल्ल्या आडव्या टाकून ताडपत्री ओढायचे आणि दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी शिंपडायचे. आम्ही शीट टाकली आणि ती ताडपत्री माळ्यावर गेली. पहिल्या मे महिन्यात चौकात पाऊल टाकवेना. तेव्हा आमच्याकडेही फिल्मचाच विचार चालू होता. सासऱ्यांनी एकच विचारलं, "ऊन छताच्या वर अडवायचं का खाली?"

मग ग्रीन नेट आणली, ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी. शीटला चिकटवली नाही. जीआय पाइपची वेगळी चौकट करून शीटच्या वर फूटभर उंच बांधली. मधून वारा जातो. उजेड कमी झाला पण दिवसा दिवा लागत नाही. हिरवट प्रकाश आवडत नसेल तर पांढरी किंवा करडी नेट पण मिळते, इतवारीत लोहाओळीच्या अंगाने चौकशी करा.

एक सांगायचं राहिलं. मागे रंगाऱ्याचे दोन थेंब शीटवर पडले, त्याने ते थिनरने पुसले. पुसलं तेव्हा स्वच्छ दिसलं. महिन्याभरात त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. तेवढा तुकडा अजून तसाच आहे, पाहुण्यांना दाखवते.

---

चुनेवाला_काका
१६ एप्रिल, सायंकाळी ६:३०

एवढं कशाला? गच्चीला मारतो तसा चुना मारा वरून. दोनशे रुपयांत काम. पावसाने धुऊन जाईल, पुढच्या वर्षी परत मारा.

---

काच_आणि_स्क्वीजी
१६ एप्रिल, रात्री ९:१०

काका, स्लॅबला खुशाल मारा. पॉलीकार्बोनेटला नको. चुना अल्कली आहे आणि पॉलीकार्बोनेटला अल्कली मानवत नाही, त्यात रोज भाजणारं ऊन. ताईंकडे थिनरने झालं तेच चुन्याने सावकाश होईल. ज्या स्क्रूपाशी आधीच ताण आहे तिथून भेगा सुरू होतात.

हेच काच पुसायच्या निळ्या अमोनियावाल्या स्प्रेचं, आणि हेच आंबट वासाच्या सिलिकॉनचं. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती काचेसाठी. पॉलीकार्बोनेटला 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलीच वापरा. वॉशर ईपीडीएम रबराचे हवेत, मऊ पीव्हीसीचे नकोत, त्यातलं तेल शीटमध्ये उतरतं. धुवायचं तर आधी पाण्याचा पाइप मारून धूळ वाहवून टाका, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. कोरड्या फडक्याने पुसलंत की नागपूरची धूळ म्हणजे पॉलिशपेपर.

---

शून्यसावली
१७ एप्रिल, सकाळी ७:००

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. उंबरठा, तुमच्या शीटचा हिशेब करून टाकतो.

आठ बाय दहा फूट म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर. मेच्या निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. पारदर्शक पॉलीकार्बोनेट त्यातली ढोबळमानाने ८० टक्के आत सोडतं. गुणाकार करा, ५३०० वॅट. हजार वॅटच्या पाच इस्त्र्या जिन्यात बारा ते तीन चालू ठेवल्यासारखं. एसीच्या भाषेत बोलायचं तर दीड टन. तुमच्या बेडरूमचा एसी बहुधा तेवढाच असेल, म्हणजे छताच्या त्या एका चौकोनाचं ऊन उपसण्यातच तो संपेल.

खिडकीला हा त्रास इतका का होत नाही? कारण नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रमण विज्ञान केंद्रात शून्य सावलीचा दिवस दाखवतात तो हाच. नवतपा २५ मेला लागतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत ऊन खिडकीला जवळजवळ चुकवून सरळ तुमच्या स्कायलाइटमधून उतरतं. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही, आणि छताला सगळं.

आता फिल्म आतून का बाहेरून. आतून लावलीत तर ऊन शीट ओलांडून आत आलेलंच असतं. फिल्म त्यातलं काही परत पाठवते, पण जे शोषते ते शीटला आणि तुमच्या जिन्यालाच देते. बाहेरून लावलेली फिल्म निदान वाऱ्याला तरी काही देते. ताईंच्या सासऱ्यांची नेट तर त्याहून चांगली, कारण तापते ती नेट, शीट नव्हे, आणि नेटची उष्णता मधल्या फूटभर मोकळ्या जागेतून वारा घेऊन जातो. माझ्या मते सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न हाच या धाग्यातला नेमका प्रश्न आहे.

शिवाय पॉलीकार्बोनेट ऊन आत येऊ देतं, पण तापलेल्या जिन्यातून निघणारी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हरितगृहासारखं. वरून हवा निसटायला वाट आहे का तुमच्याकडे?

---

तर्रीपोहे
१७ एप्रिल, सकाळी ९:२२

सर, ९०० वॅट नक्की ना? नाही तर २०२४ च्या मेमध्ये नागपुरात ५६ अंश असा आकडा देशभर फिरला होता, मामाने पुण्याहून फोन करून "जिवंत आहेस का" विचारलं होतं. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता.

---

शून्यसावली
१७ एप्रिल, सकाळी ९:५०

तो सेन्सर माझा नव्हता! ४७.९ हा २०१३ च्या मे महिन्यातला आकडा मात्र खरा आहे, आणि तोही सावलीतल्या तापमापकाचा. उन्हातल्या शीटला तो नियम लागू नाही, ती साठीच्या पुढे सहज जाते. ९०० मध्ये धुळीने थोडं खालीवर होईल, पाचाच्या साडेचार इस्त्र्या धर.

---

उंबरठा
१७ एप्रिल, रात्री १०:३०

सर, वाट नाही. फॅब्रिकेटरने चारी बाजू सिलिकॉनने बंद केल्या आहेत, पाणी येऊ नये म्हणून. तुमचं वाचून वर गेलो आणि स्टूलवर चढून हात वर केला. शीटखालची फूटभर हवा म्हणजे भट्टी. स्टूलवरून उतरलं की लगेच फरक.

आणि हो, सिलिकॉनचा जुना ट्यूब कपाटात सापडला. आंबट वासाचा आहे. दोन स्क्रूंपाशी नखाएवढ्या भेगा दिसल्या, त्या आजवर मी ओरखडे समजत होतो.

---

बुटीबोरी_शेड
१८ एप्रिल, सकाळी ७:४५

स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं आहे का ते बघा. शीटला वाढायला जागा हवी. घट्ट आवळलेल्या स्क्रूपाशीच ती आधी फाटते. आणि चारीपैकी उंच बाजूला दोन इंच जाळीची फट ठेवा, वरून पत्र्याची पागोळी वाकवली की पाणी येत नाही. आमच्याकडे छतावर फिरते टर्बो व्हेंटिलेटर आहेत, वीज लागत नाही, पण जिन्याला एक साधा एक्झॉस्ट पुरे.

नालीदार शीटवाल्यांसाठी: तिच्यावर फिल्म लावायचा प्रयत्न आम्ही केला आहे. नालीच्या खोबणीत फिल्म दबत नाही, तिथे पाणी जातं आणि शेवाळ धरतं. मल्टिवॉल शीटवरही मला फिल्म पटत नाही, आत पोकळ्या आहेत त्यामुळे गरमी अडकते आणि कडा उघड्या असल्या तर आधीच आत ओलावा असतो. फिल्मचा विचार सपाट, भरीव शीटवाल्यांनीच करावा.

---

नवखी_गच्ची
२० एप्रिल, दुपारी १२:१०

मला अजून शीट टाकायचीच आहे, म्हणून विचारते. पारदर्शकच्या ऐवजी ब्राउन किंवा दुधी घेतली तर फिल्मची भानगड राहणार नाही ना?

---

काच_आणि_स्क्वीजी
२० एप्रिल, रात्री ९:३०

ताई, अजून घेतली नसेल तर नशीबवान आहात. दुधी घ्या. ऊन पसरून येतं, जमिनीवर कडक चौकोन पडत नाही. ब्राउन शीट उजेड कमी करते पण उष्णता स्वतः शोषते आणि खालीच देते, डोळ्यांना गार आणि डोक्याला गरम. काही कंपन्या शीटमध्येच उष्णता परतवणारा थर देतात, महाग असते पण फिल्मसारखी सुटायची भीती नाही. यूव्हीचा थर दोन्ही बाजूंना आहे का विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तोंडी हमी पहिल्या उन्हाळ्यात विरघळते.

---

उंबरठा
११ मे, रात्री ९:१५

अपडेट द्यायला उशीर झाला.

फिल्मवाल्याकडून तुकडा मागितला. 'नॅनो'वाला म्हणाला, तुकड्यासाठी रोल फोडता येणार नाही. त्याला चहा पाजला. दुसऱ्या एकाने पॉलीकार्बोनेटची म्हणून दिलेल्या फिल्मचा वीतभर तुकडा बाहेरून लावला. शेजारी मुद्दाम मागच्या वर्षीच्या साध्या फिल्मचा उरलेला तुकडाही लावला. सोळा दिवस झाले. साध्या तुकड्याखाली पाचव्या दिवशीच साबुदाणा. दुसऱ्याखाली फुगा नाही, पण एक कोपरा दोन मिमी सुटला आहे. माझं काम सोडून रोज ते बघायला मी गच्चीवर जातो असं बायकोचं म्हणणं आहे.

दरम्यान नेट लावून टाकली. करडी, ७५ टक्के, शीटच्या फूटभर वर, पाइपच्या चौकटीवर. उंच बाजूला सिलिकॉन कापून जाळीची फट केली. भावाकडून उष्णता मोजायची गन आणली. आधी गंमत झाली, जिन्यातून वर शीटकडे धरली तेव्हा मला वाटलं आकाशाचं तापमान येईल, पण येतं ते शीटचंच. सर म्हणाले ते पटलं, गनला शीटच्या पलीकडचं काही दिसत नाही.

लँडिंगचा ग्रॅनाइट, दुपारी दीड वाजता: नेटच्या आदल्या दिवशी ५४. नेटनंतरच्या तितक्याच कडक दुपारी ३९. रेलिंग हातात धरता येतं. पूर्वी वरच्या खोलीतला कूलर दिवसभर चालूनही दमायचा, आता दुपारी चारनंतर एक नंबरवर ठेवतो.

आई नाराज आहे. कुरोड्यांची दुसरी खेप ओलसर राहिली.

---

वाड्यातली_सून
११ मे, रात्री १०:०५

त्यांना म्हणावं गच्ची अजून आहे!

नेट चौकटीला कशी बांधलीत? आमच्याकडे पहिल्या वर्षी नुसती सुतळीने बांधली होती. मेअखेरच्या वादळात अख्खी नेट उडून शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन बसली. आता कडेला पट्टी शिवून त्यात पितळी आयलेट मारून घेतले आहेत आणि दर फुटाला नायलॉनची दोरी.

---

उंबरठा
१२ मे, सकाळी ७:५०

केबल टायने. आत्ता वाचून पोटात गोळा आला. रविवारी आयलेटवाला शोधतो.

काका, एकच राहिलं. आतली जुनी बुडबुड्यांची फिल्म काढायची आहे. ब्लेडने खरडली तर चालेल?

---

काच_आणि_स्क्वीजी
१२ मे, दुपारी २:२०

ब्लेड अजिबात नको, थिनर नको, पेट्रोल तर नकोच. पहाटे करा, शीट गार असताना. कोपरा नखाने सोडवा, तिथे हेअर ड्रायर लांबून धरा आणि फिल्म शीटशी जवळजवळ समांतर, मागे दुमडून, हळूहळू ओढा. सरळ खाली ओढली तर तुटते आणि गोंद मागे राहतो. राहिलेल्या गोंदावर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल अर्धा तास चिकटवून ठेवा, मग हाताच्या अंगठ्याने गोळा करत काढा. कंटाळवाणं काम आहे, आठ बाय दहाला दोन सकाळी धरा. तुमच्याकडे आतली बाजू आहे म्हणून मी एवढा निवांत सांगतोय, बाहेरून असती तर यूव्हीचा थर सोबत येईल का याची धास्ती होती.

आणि तो सुटलेला कोपरा पावसाळाभर तसाच राहू द्या. दिवाळीत फोटो टाका. नेट असताना तुम्हाला फिल्म लागणार नाही असं मला वाटतं, पण तो कोपरा पुढे काय करतो ते मला बघायचं आहे.

---

तर्रीपोहे
१२ मे, दुपारी २:३१

काका स्वतःच्या धंद्याच्या पोटावर पाय देऊन राहिले. आमच्या पार्किंगच्या शीटला नखाने खाजवून बघितलं सर्वांना कळावं म्हणून सांगतो: कुसळं टोचली. घरमालकाकडे चाललो.